फुटलेले डिप आणि न फुटणारी कढी

दरवर्षी दहावीच्या मुलांना निरोप देताना आम्ही शिक्षक मिळून काहीतरी खायला करतो. कधी भेळ, कधी पावभाजी. एका वर्षी मुलांनीच फर्माईश केली, ‘या वेळी चीज डिप!’ डिप म्हणजे बुडवून खाण्याचा दाट पदार्थ. अमेरिकेत घरगुती मेजवान्यांमध्ये तो हमखास असतो. चीज, साय किंवा तत्सम काही एकत्र करायचे, भट्टीत ठेवून गरम करायचे आणि पाव, बिस्किटे, गाजराच्या फोडी त्यात बुडवून खायच्या. अवघड काय आहे त्यात, असे आम्हाला वाटले.

आम्ही चक्का घेतला, त्यात भरपूर चीज किसून घातले, लसूण-मिरची घातली आणि भांडे भट्टीत ठेवले. अर्ध्या तासाने बाहेर काढले, तर वर पिवळ्या तेलाचा तवंग आणि खाली ओल्या रव्यासारखे कण! ढवळले तर तेल आणखीच सुटले. मुलांनी ते पावाला लावून आनंदाने संपवले, ही गोष्ट वेगळी.

पण एका मुलीने जाता जाता विचारले, “बाई, बर्फ वितळून पाणी झाले तर ते परत गोठवता येते. मग चीज वितळून बिघडले तर ते थंड केल्यावर पुन्हा पहिल्यासारखे का होत नाही?” आम्ही म्हणालो, “जास्त तापले ना, म्हणून.” हे काही उत्तर नव्हे, हे तिलाही कळले आणि आम्हालाही. ‘स्थायूचे द्रवात रूपांतर’ शिकवताना आम्ही फळ्यावर बर्फ, मेण यांच्या शेजारी लोणी आणि चीजही बिनदिक्कत लिहीत आलो होतो. ती यादी चूक होती. ती का चूक होती, ते समजून घेता घेता डिप कसे करायचे तेही आम्हाला कळले. तेच इथे मांडत आहोत.

चीजला द्रवणांक असतो का?

बर्फाचा द्रवणांक 0 अंश सेल्सिअस. शुद्ध पदार्थाचा द्रवणांक ठरलेला असतो, कारण त्याचे सगळे रेणू एकाच प्रकारचे असतात. चीजची गोष्ट तशी नाही. चेडर जातीच्या 100 ग्रॅम चीजमध्ये साधारण 37 ग्रॅम पाणी, 33 ग्रॅम स्निग्ध पदार्थ आणि 24 ते 25 ग्रॅम प्रथिने असतात. बाकी मीठ, खनिजे वगैरे. म्हणजे चीज हा एक पदार्थ नसून एक रचना आहे. प्रथिनांचे जाळे, त्या जाळ्यात अडकलेले तुपाचे थेंब आणि पाणी.

ही रचना तापवली की दोन वेगळ्या गोष्टी दोन वेगळ्या तापमानांना घडतात. साधारण 30 ते 40 अंशांच्या दरम्यान दुधातील स्निग्ध पदार्थ पातळ होतात. याला मात्र वितळणे म्हणायला हरकत नाही. चीज तेव्हा मऊ पडते, अंगावर तेलाचे बारीक थेंब दिसतात, पण आकार टिकून असतो. कारण जाळे अजून शाबूत असते. आणखी तापवले की प्रथिनांना एकमेकांशी बांधणारे काही दुवे सुटतात, जाळे ढिले पडते आणि चीज वाहू लागते. मऊ, ओलसर चीज साधारण 55 अंशांना वाहते, चेडरसारखे 65 च्या आसपास, तर पार्मेझानसारख्या कोरड्या चीजला 80 च्या वर जावे लागते. पाणी जितके कमी तितके जाळे दाट आणि सैल व्हायला अवघड.

थोडक्यात, आपण ज्याला चीज वितळणे म्हणतो त्यात वितळतो तो फक्त स्निग्ध पदार्थ. प्रथिने वितळत नाहीत, त्यांची वीण सैल होते. मग ही वीण कशाने घातलेली असते?

एकाच दुधाच्या दोन वाटा

गायीच्या दुधातील प्रथिनांपैकी सुमारे 80 टक्के केसीन असते. केसीनचे हजारो रेणू एकत्र येऊन त्यांचे सूक्ष्म गोळे बनतात. या गोळ्यांना आतून सांधणारा चुना म्हणजे कॅल्शियम फॉस्फेट. गोळ्याचा व्यास साधारण 100 ते 200 नॅनोमीटर, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या सुमारे 500 व्या भागाएवढा. गोळ्याच्या पृष्ठभागावर ऋण प्रभार असलेली लव असते. सजातीय प्रभार एकमेकांना ढकलतात, म्हणून हे गोळे एकत्र येत नाहीत आणि दूध दूधच राहते.

आता हे गोळे एकत्र आणण्याच्या दोन वाटा आहेत.

पहिली वाट रेनेटची. रेनेटमधील विकर ही लव कापून टाकते. ढकलणारे कोणी उरले नाही की गोळे एकमेकांना चिकटतात आणि त्यांच्यामध्ये कॅल्शियमचे पूल तयार होतात. पूर्वी हे विकर वासराच्या जठरातून काढत. सूक्ष्मजीवांकडून तेच विकर तयार करून घेण्याच्या पद्धतीला अमेरिकेत 1990 साली मान्यता मिळाली आणि आज जगातले बरेचसे चीज त्या रेनेटने होते. चेडर, मोझरेला, ग्रुयेर ही सगळी या वाटेवरची मंडळी.

दुसरी वाट आम्लाची, आपल्या ओळखीची. दूध 80-90 अंशांपर्यंत तापवून त्यात लिंबाचा रस पिळला की दूध नासते आणि पनीर मिळते. आम्लामुळे गोळ्यांवरचा ऋण प्रभार नाहीसा होतो, कॅल्शियमचा बराचसा भाग विरघळून निवळीत निघून जातो आणि प्रथिने एकमेकांना थेट, घट्ट बिलगतात. दूध तापवल्यामुळे निवळीतली प्रथिनेही उलगडून त्यांना चिकटतात.

या दोहोंना उष्णता दिली तर काय होईल? रेनेटच्या चीजमध्ये कॅल्शियमच्या पुलांनी जोडलेली जाळी सैल होते आणि चीज वाहते. पनीरमध्ये मात्र प्रथिने सुटत नाहीत, सुटते ते पाणी. पाणी गेले की प्रथिने आणखी जवळ येतात आणि पनीर घट्ट होते. म्हणून पनीर तळता येते, मटारच्या रश्श्यात उकळता येते, पण त्याची तार निघत नाही. दूध तेच, फक्त वाट वेगळी.

आमचे डिप का फुटले?

आता चुकांचा हिशोब मांडता येईल.

पहिली चूक चक्क्याची. दही म्हणजे आम्लाच्या वाटेने गेलेले दूध. त्याचा सामू साधारण 4.5 च्या आसपास असतो. दुधाचा सामू 6.6 ते 6.7 आणि चांगल्या वाहणाऱ्या चीजचा 5.2 ते 5.5 च्या जवळपास. केसीनचे रेणू 4.6 सामूला सर्वांत जास्त एकमेकांना धरून राहतात. चक्क्यातील प्रथिने तर आधीच एकमेकांना घट्ट धरून बसलेली होती, ती तापल्यावर आणखी आवळली गेली. शिवाय चक्क्याच्या आंबटपणामुळे चीजही त्याच वाटेला ओढले गेले. ओल्या रव्यासारखे कण आले ते यामुळे.

दुसरी चूक फार वेळ तापवण्याची. जाळे जास्त तापले की आधी सैल होते, मग आकसते. ओला टॉवेल पिळावा तसे ते आपल्यातले पाणी आणि स्निग्ध पदार्थ बाहेर टाकते. एकदा तेलाचे थेंब एकत्र येऊन तवंग झाला की नुसते थंड करून ते परत जाळ्यात जाऊन बसत नाहीत. तेल वरच गोठते. त्या मुलीच्या प्रश्नाचे हे उत्तर. बर्फाचे पाणी होताना रेणूंची फक्त मांडणी बदलते आणि ती परत जमते. चीज फुटते तेव्हा रचनाच मोडते. भिंत पडली म्हणजे विटा तिथेच असतात, पण भिंत नसते.

तिसरी गोष्ट, म्हणजे जी आम्ही करायला हवी होती आणि केली नाही. तेल आणि पाणी एकत्र नांदवायचे तर मध्यस्थ लागतो. अशा मिश्रणाला विज्ञानात पायस म्हणतात. आमच्या डिपमध्ये तसा मध्यस्थ नव्हता.

कढीची युक्ती

खरे तर हा मध्यस्थ आपल्या स्वयंपाकघरात शतकानुशतके आहे. नुसते ताक उकळले तर फुटते. म्हणून कढी करताना ताकाला डाळीचे पीठ लावतात. पिठातील पिष्टमय पदार्थाचे कण गरम पाण्यात फुगतात, पाणी दाट होते आणि हे फुगलेले कण प्रथिनांच्या मध्ये येऊन त्यांना एकत्र गोळा होऊ देत नाहीत. आई ‘पीठ नीट लाव, नाहीतर कढी फुटेल’ म्हणते तेव्हा ती हेच सांगत असते.

नेमकी हीच युक्ती स्वित्झर्लंडमध्ये फॉन्ड्यू करताना वापरतात. ग्रुयेर आणि एमेंटाल ही चीज किसून पांढऱ्या वाइनमध्ये मंद आचेवर विरघळवतात आणि त्यात मक्याचे पीठ, म्हणजे आपले कॉर्नफ्लोअर, घालतात. जाड मातीच्या भांड्यात, खाली छोटी ज्योत ठेवून, लांब काट्याला पावाचा तुकडा टोचून ते बुडवून खातात. वाइनमध्ये चीज शिजवण्याची कृती झुरिकमधल्या 1699 च्या एका पाककृतीत सापडते. पण फॉन्ड्यू हे साऱ्या देशाचे खाणे म्हणून घरोघरी पोचले ते 1930 च्या दशकात, स्विस चीज उत्पादकांच्या संघटनेने त्याचा प्रचार केल्यावर.

इथे चाणाक्ष वाचक विचारतील, ‘वाइन आंबट असते. मग दह्याने फुटले ते वाइनने का फुटत नाही?’ प्रश्न अगदी रास्त आहे. ग्रुयेरसारख्या चीजचा सामू काहीसा जास्त आणि त्यातले कॅल्शियमही भरपूर, त्यामुळे ते तापवले की चिवट, तारांचे होते. वाइनमधले टार्टारिक आम्ल त्यातले थोडे कॅल्शियम आपल्याकडे ओढून घेते. काही पूल कमी झाले की जाळे जरा सैल होऊन मिश्रण गुळगुळीत होते. म्हणजे थोडे आम्ल जाळे सैल करते, फार आम्ल ते आवळते. शिवाय वाइनबरोबर पाणी येते, दह्याबरोबर मात्र आधीच गोठलेली प्रथिने येतात.

कॅल्शियम काढून घेणारे क्षार

कॅल्शियमचे पूल कमी करायचे हे खरे मर्म, हे कळल्यावर पुढची पायरी आली. 1911 साली स्वित्झर्लंडमधील थून गावी वॉल्टर गर्बर आणि फ्रिट्झ श्टेटलर यांनी एमेंटाल चीज सोडियम सायट्रेटबरोबर तापवले आणि थंड झाल्यावरही एकजीव राहणारे, टिकाऊ चीज मिळवले. हे प्रक्रिया केलेले चीज, म्हणजेच प्रोसेस्ड चीज. अमेरिकेत जेम्स क्राफ्ट यांनी 1916 साली आपल्या पद्धतीचे पेटंट घेतले.

सोडियम सायट्रेट काय करते? सायट्रेट कॅल्शियमला धरते आणि त्याच्या जागी सोडियम सोडते. कॅल्शियमला दोन प्रभार असतात, त्यामुळे ते दोन रेणूंना जोडू शकते. सोडियमला एकच, ते पूल बांधू शकत नाही. पूल सुटलेले केसीन पाण्यात पसरते. केसीनच्या रेणूचा काही भाग पाण्याला जवळ करतो, काही भाग तेलाला. त्यामुळे मोकळे झालेले केसीन स्वतःच मध्यस्थ बनते आणि तेलाच्या थेंबांभोवती कवच करते. बाहेरून मध्यस्थ आणावा लागत नाही, चीजमध्ये तो असतोच. फक्त कॅल्शियमने त्याला बांधून ठेवलेले असते.

दुकानात मिळणाऱ्या प्रोसेस्ड चीजच्या वेष्टनावरचे घटक मुलांना वाचायला सांगा. पायसीकारक म्हणून 331, 339, 452 असे आकडे आढळतील. 331 म्हणजे सोडियम सायट्रेट, 339 म्हणजे सोडियम फॉस्फेट आणि 452 म्हणजे पॉलिफॉस्फेट. आकड्यांमागे रसायने आहेत आणि रसायनांमागे कारण आहे, हे मुलांना दाखवण्याची ही चांगली संधी आहे.

वर्गात करून पहा

*प्रयोग 1.* पनीर, मोझरेला आणि प्रोसेस्ड चीज यांचे साधारण 1 सेंटिमीटर बाजूचे तुकडे तव्यावर मंद आचेवर ठेवा. कोणाचा आकार टिकतो, कोण वाहते, कोणाची तार निघते, तेल कोणातून सुटते याची नोंद मुलांनी तक्त्यात करावी. पनीर तांबूस होते, पण आकार सोडत नाही. मोझरेला वाहते आणि तार धरते. प्रोसेस्ड चीज मऊ होते, पण त्यातून तेल सहसा सुटत नाही.

*प्रयोग 2.* दोन पातेल्यांत सारखेच ताक घ्या. एकाला चमचाभर डाळीचे पीठ लावा. दोन्ही उकळा आणि फरक पाहा.

*प्रयोग 3.* 50 मिलिलीटर पाण्यात दीड ग्रॅम लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक आम्ल, विरघळवा. त्यात 2 ग्रॅम खाण्याचा सोडा थोडाथोडा घाला. कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतील. ते थांबले की भांड्यात सोडियम सायट्रेटचे द्रावण तयार आहे. उदासिनीकरणाचा धडा इथेच शिकवून होईल. हे द्रावण मंद आचेवर ठेवून त्यात 50 ग्रॅम किसलेले चेडर किंवा मोझरेला थोडेथोडे घालत ढवळा. शेजारच्या भांड्यात नुसत्या 50 मिलिलीटर पाण्यात तेवढेच चीज घाला. नुसत्या पाण्यात चीजचा गोळा होऊन पाणी वेगळे राहते. सायट्रेटमध्ये मिश्रण एकजीव होते. प्रोसेस्ड चीज या प्रयोगाला घेऊ नका, त्यात हे क्षार आधीच असतात. चव घ्यायची असेल तर प्रयोगशाळेतली भांडी आणि रसायने वापरू नका. सगळे साहित्य स्वयंपाकघरातलेच हवे.

आता डिप

पुढच्या वर्षी आम्ही केलेली कृती अशी. बाराएक जणांना पुरते.

जाड बुडाच्या पातेल्यात 30 ग्रॅम लोणी पातळ करून त्यात 20 ग्रॅम मैदा मंद आचेवर दोन मिनिटे परता, पण रंग बदलू देऊ नका. लोण्यात परतल्यामुळे मैद्याचे कण सुटे राहतात आणि गुठळ्या होत नाहीत. 300 मिलिलीटर दूध थोडेथोडे घालून ढवळत राहा. मिश्रण उकळून दाट झाले की आच बंद करा. ही आपली कढीची युक्ती.

दोन मिनिटे थांबून 150 ग्रॅम चेडर आणि 100 ग्रॅम प्रोसेस्ड चीज, दोन्ही बारीक किसून, मूठमूठ घालत ढवळा. किसल्यामुळे उष्णता सगळीकडे सारखी आणि लवकर पोचते, म्हणून आच बंद असूनही चीज विरघळते. प्रोसेस्ड चीज आपल्याबरोबर सायट्रेट आणि फॉस्फेट घेऊन येते आणि चेडरलाही सांभाळून घेते. फार जुने, मुरलेले चीज एकट्याने वापरू नका. मुरताना त्यातल्या प्रथिनांचे तुकडे झालेले असतात, त्यामुळे जाळे दुबळे होते आणि तेल लवकर सुटते. चवीसाठी थोडे घालायला हरकत नाही.

आता वाफवलेले मक्याचे दाणे, परतलेली सिमला मिरची, लसूण, मिरपूड घाला. मीठ चाखून मगच, कारण चीजमध्ये ते असतेच. मिश्रण चिनी मातीच्या किंवा भट्टीत चालणाऱ्या काचेच्या जाड भांड्यात ओता आणि 180 अंशांवर तापवलेल्या भट्टीत 15 मिनिटे ठेवा. कडेने बुडबुडे आले आणि वर तांबूस डाग दिसू लागले की लगेच बाहेर काढा. भट्टी 180 अंशांवर असली तरी आत पाणी असेपर्यंत डिपचे तापमान साधारण 100 च्या पुढे जात नाही. वरचा थर मात्र कोरडा होऊन जास्त तापतो आणि तिथे प्रथिने आणि दुधातली साखर यांच्या क्रियेतून तो तांबूस रंग आणि खमंग वास येतो. भट्टी नसेल तर झाकण ठेवून मंद आचेवर गरम केलेले डिपही चांगले लागते, फक्त वरचा खमंगपणा मिळत नाही.

गरम असतानाच वाढा. थंड होताना स्निग्ध पदार्थ गोठतात, प्रथिनांचे दुवे परत जुळतात आणि डिप घट्ट होते. भांडे जाड घ्यायचे ते यासाठी. उरले तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. परत गरम करताना चमचाभर दूध घालून मंद आचेवर ढवळा.

दुसऱ्या वर्षीचे डिप फुटले नाही. पण आमच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी होती. त्या वर्षी फळ्यावरच्या यादीतून आम्ही चीज पुसले आणि लोण्यापुढे ‘मिश्रण, द्रवणांक एक नाही’ असे लिहिले. पुसण्याचे कारणही वर्गाला सांगितले. मागच्या वर्षी आपल्याच शाळेतल्या एका मुलीने विचारले होते आणि तेव्हा आम्हाला उत्तर आले नव्हते, म्हणून. मुले क्षणभर गप्प झाली आणि मग प्रश्न सुरू झाले. अंडे तापवल्यावर घट्ट का होते? ते वितळत का नाही? खरवस कोणत्या वाटेचा?

यांतल्या खरवसाच्या प्रश्नावर आमच्या शाळेत अजून चर्चा चालू आहे. तुमच्या वर्गात तो विचारून पहा. मुले काय म्हणतात आणि ते तपासायला ती कोणता प्रयोग सुचवतात, हे आम्हाला जरूर कळवा.